मे महिन्याच्या विमान तिकिटांत आमचे १,१९,०७० रुपये गेले

हे लिहायला दोन महिने लागले. घरात हा विषय निघाला की अजून सगळे गप्प होतात, आणि माझ्या नणंदेला तर मी खरी रक्कमही सांगितलेली नाही. पण दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं शोधायला लोकांनी आत्तापासून सुरुवात केली आहे, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते आहे.

मी गेली तेरा वर्षं एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. रोज बिलं तपासते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून "शिकलेली बाई आणि एवढंही कळलं नाही?" असं वाटणारच आहे. मलाही तेच वाटतं. रोज वाटतं.

आम्ही सहा जण: आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. सासऱ्यांना बहात्तरावं वर्ष चालू आहे आणि दार्जिलिंगला टायगर हिलवरून कांचनजंगा बघायची त्यांची जुनी इच्छा. डॉक्टर म्हणाले, जायचं तर यंदाच जाऊन या. दोन्ही मुलांची शाळा, त्यामुळे मे सोडून दुसरा महिना नाही. १४ मे ते २१ मे ठरलं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, मी सकाळी आठला बसूनही सहा जणांना वेटिंगच आलं. सासूबाईंचे गुडघे बघता दोन रात्रींचा प्रवास वेटिंगवर टाकणं शक्यच नव्हतं.

मग विमान. मुंबई ते बागडोगरा, म्हणजे दार्जिलिंगच्या जवळचं विमानतळ, जाऊन-येऊन माणशी २७,४०० रुपये. सहा जणांचे १,६४,४००. हाच प्रवास आम्ही फेब्रुवारीत सहज म्हणून बघितला होता तेव्हा फेब्रुवारीच्याच तारखांना १३,२०० दाखवत होता. विमान तेच, अंतर तेच, फक्त मुलांच्या शाळेला सुट्टी लागली म्हणून दुप्पट. करोनाच्या काळात, २५ मे २०२० ते ३१ ऑगस्ट २०२२, सरकारने देशांतर्गत भाड्यांना मर्यादा घातल्या होत्या, म्हणजे मनात आणलं तर घालता येतात. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना तारीख बदलायची सोय नसते, हे विमान कंपन्यांना पक्कं माहीत असतं. हा राग माझ्या डोक्यात होता, आणि याच रागावर आम्हाला फसवणाऱ्या त्या एजंटने आपलं दुकान मांडलं होतं.

त्याची जाहिरात मुलाच्या वर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर आली. टाकणारी बाई ओळखीची, तिला ती दुसऱ्या गटावरून आलेली. 'उन्हाळी सुट्टी, सिरीज फेअर, मर्यादित जागा.' सिरीज फेअर हा प्रकार खरा आहे, तो मला आधीपासून ठाऊक होता. मोठे एजंट गर्दीच्या दिवसांतल्या जागा महिनोन् महिने आधी घाऊक घेऊन ठेवतात आणि मग सुट्या विकतात, कधीकधी चालू भाड्यापेक्षा स्वस्त. माझ्या दिराने मागच्या वर्षी गोव्याची तिकिटं अशीच काढली होती आणि सगळं सुरळीत झालं होतं. त्यामुळे माणशी १८,९०० ऐकून मला शंका आली नाही. त्याने ५,००० सांगितले असते तर मी फोन ठेवला असता. फसवणारे आता अशक्य भाव सांगत नाहीत, पटेल एवढाच कमी सांगतात.

बोलणं अत्यंत अदबीचं. "ताई, आजी-आजोबांना पुढच्या रांगेतल्या सीट देतो." "ताई, पूर्ण पैसे आत्ता नकोच, आधी तिकीट बघा आणि मग द्या." एकूण १,१३,४००. अर्धे, म्हणजे ५६,७००, मी २८ मार्चला रात्री यूपीआयने पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर नाव आलं ते ट्रॅव्हल्सचं नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. मी विचारलं. "ताई, मार्च एंड आहे, फर्मच्या खात्याची लिमिट संपली, हे मेहुण्याचं खातं." मार्च एंड म्हटल्यावर मला ते पटलं, कारण माझ्याही ऑफिसात तेच चाललं होतं. तो आठवडा मी रात्री दहाच्या आत घरी आले नव्हते. ही सबब आहे, मान्य, पण खरी आहे.

२९ मार्चला दुपारी पावणेएकला पीएनआर आला. मी लगेच विमान कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून बघितला. सहाही नावं, स्पेलिंगसह बरोबर, तारखा बरोबर, 'कन्फर्म्ड'. मी नवऱ्याला पडद्याचा फोटो पाठवला. तिथल्या तिथे उरलेले ५६,७०० दिले.

तिकीट खोटं नव्हतं, आणि नीट समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. "पीएनआर तपासा" हा सल्ला सगळे देतात, मी तपासला होता. त्याने खरंखुरं तिकीट काढलं, मला दाखवलं, माझे पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी, ३० मार्चला सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी, ते रद्द केलं. प्रवास दूर असेल तर बुकिंगनंतर ठराविक तासांत दंड न भरता तिकीट रद्द करता येतं. प्रवाशाची चूक झाली तर त्याला सुटता यावं म्हणून ही सवलत आहे. तिचा फायदा घेऊन त्याला सगळे पैसे परत मिळाले. बुकिंगमध्ये मोबाईल नंबर आणि ईमेल त्याचा, म्हणून रद्द झाल्याचा संदेशही त्यालाच गेला. मला कळायचं काही कारणच नव्हतं. ई-तिकिटावर संपर्काच्या जागी माझा नंबर नाही हे मी बघितलं होतं, आणि एजंट असंच करतात म्हणून सोडून दिलं होतं. ते सोडू नका. स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल घातलेला दिसत नाही तोवर उरलेला एक रुपया देऊ नका. आणि पीएनआर एकदा बघून थांबू नका, दोन दिवसांनी बघा, आठवड्याने बघा, पुन्हा पुन्हा बघा.

आता ते बिल. हे आठवलं की माझी झोप जाते.

३१ मार्चला त्याचा फोन आला, "ताई, पाच टक्के जीएसटी राहिला, बिल पाठवतो." बिल आलं ५,६७० रुपयांचं. इकॉनॉमीच्या तिकिटावर पाच टक्के जीएसटी असतो हे बरोबर, पण तो आपल्याला दिसणाऱ्या एकूण भाड्यात धरलेलाच असतो. हे मला माहीत होतं. बिलावर पत्ता ठाण्याचा. कर दाखवलेला अडीच टक्के केंद्राचा, अडीच टक्के राज्याचा. आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने. हिशेबाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७. ०७ म्हणजे दिल्ली. दिल्लीच्या क्रमांकावर ठाण्याचा पत्ता आणि वर महाराष्ट्राचा राज्य कर, असं बिल माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते त्याच मिनिटाला परत पाठवलं असतं. पंधरा अक्षरांचा तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. ऑफिसच्या पुरवठादारांसाठी मी हे महिन्यातून वीस वेळा करते. स्वतःच्या पैशांसाठी एकदा केलं नाही. त्या दिवशी समोर साठ-सत्तर बिलांचा गठ्ठा होता, फोनवर ते बिल उघडलं, रक्कम बघितली आणि ५,६७० पाठवून दिले.

तिकीट आदल्या दिवशीच रद्द झालं होतं. नसलेल्या तिकिटावरचा कर मी भरला.

१२ मेला सकाळी वेब चेक-इन उघडलं. सासरे शेजारी चष्मा लावून बसले होते, त्यांना खिडकीची जागा निवडायची होती. पडद्यावर 'कॅन्सल्ड' आलं. मला वाटलं नेटची गडबड असेल. तीन वेळा टाकून बघितलं. त्याचा नंबर बंद. त्या दिवशी नुसत्या जाण्याचं भाडं माणशी १९,८०० होतं. गंगटोक आणि दार्जिलिंगच्या हॉटेलांना दिलेले २२,००० रुपये परत मिळणार नव्हते. या १,१९,०७० मधले चाळीस हजार सासऱ्यांच्या पेन्शनमधून साठवलेले होते. ते एवढंच म्हणाले, "असू दे, पोरी." ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोचपावतीचा क्रमांक मिळाला. पण पैसे जाऊन चव्वेचाळीस दिवस झाले होते आणि ही यंत्रणा पहिल्या काही तासांत खरी उपयोगी पडते. तुम्हाला कळल्याक्षणी फोन करा, घरच्यांना काय सांगायचं याचा विचार नंतर करा. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, तो विचारतातच.

जवळच्या पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले सायबरला जा. सायबरला गेले तर म्हणाले आधी बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा आणा. बँकेत साहेब जेवायला गेलेले. उतारा घेऊन परत गेले तर तिसऱ्याच माणसाने ऐकवलं, "मॅडम, तिकीट तर खरंच काढलं होतं ना त्याने? मग हे दिवाणी स्वरूपाचं आहे." मी म्हटलं, पैसे घेऊन गुपचूप तिकीट रद्द करणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मी छापून नेलं होतं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा आणि मग पाठवायचा, हे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिलेलं आहे, तेही दाखवलं. त्याने कागद न वाचता मला परत दिला आणि म्हणाला, एवढं कळतं तर पैसे कशाला पाठवले. शेजारी उभे असलेले दोघं हसले. पाच हेलपाटे, चार अर्ध्या रजा, आणि अखेर अर्जावर पोच. गुन्हा नोंदवल्याची प्रत नाहीच.

बँक म्हणाली, पिन तुम्ही स्वतः टाकलात. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांना संरक्षण देतं. स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे, मग ते कितीही फसवून घेतलेले असोत, त्यात बसत नाहीत. ज्या खात्यात पैसे गेले त्यात ३,२१२ रुपये गोठवलेले आहेत असं कळलं. तेही हवे असतील तर न्यायालयाचा आदेश आणा, असं मला सांगितलं.

आणि विमान कंपनी. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा ही विमान कंपनीची जबाबदारी, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम म्हणतो. मी तो नियम त्यांना पाठवला. उत्तर आलं: परतावा बुकिंग करणाऱ्या खात्यात दिलेला आहे, कृपया आपल्या एजंटशी संपर्क साधावा. सहा प्रवाशांची नावं, वयं, त्यातले दोन ज्येष्ठ नागरिक, हे सगळं त्यांच्याकडे असताना तिकीट रद्द करण्याआधी त्यातल्या एकाही प्रवाशाला विचारावंसं कुणाला वाटत नाही? मला राग त्या भामट्याचा येतो तेवढाच याचा येतो.

सिरीज फेअर घ्यायचंच असेल तर ज्याचं दुकान तुम्ही डोळ्यांनी बघितलं आहे त्याच्याकडूनच घ्या. पैसे ट्रॅव्हल्सच्या नावाच्या चालू खात्यात द्या, मेहुण्याच्या नाही. जमलं तर क्रेडिट कार्डाने द्या, निदान बँकेकडे वाद घालायला जागा राहते. जीएसटी क्रमांक मागा आणि टाकून बघा, दोन मिनिटं लागतात. कुणी "गटावर आलंय, ओळखीचीने टाकलंय" म्हणालं तर तिला विचारा की तिने स्वतः त्याच्या तिकिटावर प्रवास केला आहे का. मी विचारलं नव्हतं. तिनेही केला नव्हता.

गेल्या आठवड्यात माझ्या बहिणीने तिच्या सोसायटीच्या गटावरची जाहिरात मला पाठवली. दिवाळी सुट्टी, सिरीज फेअर, मर्यादित जागा. ट्रॅव्हल्सचं नाव वेगळं, नंबर वेगळा, पत्ता यावेळी पनवेलचा. खाली बारीक अक्षरात जीएसटी क्रमांक दिला होता. मी माझं बिल काढून शेजारी ठेवलं आणि एकेक अक्षर ताडून बघितलं. पंधराच्या पंधरा तीच. ते दोन्ही कागद घेऊन मी सोमवारी सहाव्यांदा पोलीस ठाण्यात जाते आहे.