टिशियनची कॉपी करत ऑइल पेंटिंग शिकले: लंडनमधल्या शनिवारच्या कोर्सचा अनुभव

फी ३४० पौंड, आठ शनिवार, ईझल आणि कॅनव्हास त्यांचे, रंग-ब्रश आपले. पैसे वसूल झाले हे आधीच सांगते, पण एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही, ते पुढे येईलच.

सगळ्यांनी एकच चित्र घ्यायचं, इटालियन चित्रकार टिशियनचं 'बॅकस अँड ॲरिएडनी', १५२०-२३ सालचं, आणि त्यातला आपल्याला आवडेल तो तुकडा ऑइलमध्ये उतरवायचा. ग्रीक पुराणकथेतला वीर थिसिअस राजकन्या ॲरिएडनीला नॅक्सोस बेटावर सोडून निघून गेलाय, डावीकडे लांब त्याचं जहाज दिसतं, ती तिकडे हात करून उभी आहे आणि तेवढ्यात मद्याचा देव बॅकस रथातून झेप घेतो, ती वळून बघते. मी तिचा खांदा, लाल शेला आणि मागचा समुद्र-आभाळ एवढंच घेतलं.

माझा हात वॉटरकलरचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून डोक्यात बसलेलं की पांढरं हवं तिथे कागद सोडायचा आणि फिक्याकडून गडदकडे जायचं. इथे पहिले दोन शनिवार नुसता रॉ अंबर हा तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फासायचा आणि उजेड हवा तिथे चिंधीने पुसून काढायचा, बास. सुरुवातीला वाटलं वेळ घालवतायत, पण तिसऱ्या शनिवारी त्या तपकिरी थरावर अंगाचा रंग पातळ लावला आणि खांद्याची सावली आपोआप आली, खालूनच. तेव्हा कळलं. खालच्या थरात तेल कमी, वर चढत जाऊ तसं जवसाचं तेल जास्त, नाहीतर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे तडे जातात, हे शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाच्या पॅलेटपाशी उभं राहून दाखवलं.

त्यांनी मला एकदा तो लाल शेला अंगठ्याने झाकून बघायला लावला. झाकला आणि तिचं निळं वस्त्र मागच्या निळ्या समुद्रात विरघळूनच गेलं! मी इतके दिवस तो शेला नुसती सजावट समजत होते.

आता रागाची गोष्ट. बघून काढायला दिलेली प्रिंट ए-फोर, त्यात आभाळ मळकट हिरवट आलेलं, आणि मी दोन शनिवार तेच प्रामाणिकपणे मिसळत बसले. मग ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत मूळ चित्रासमोर गेले (प्रवेश फुकट आहे), पावणेदोन मीटर उंच कॅनव्हास आणि ते आभाळ, अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून केलेलं अल्ट्रामरीन, पाचशे वर्षांनीही अंगावर येतं. घरी येऊन माझं आभाळ पॅलेट नाईफने खरवडून काढलं. इतकी फी घेणाऱ्यांनी पहिला शनिवार गॅलरीतच घ्यायला हवा, निदान प्रिंट तरी धड द्यावी.

आठ शनिवार कमी पडतात हेही खरं. अंबर भराभर सुकतो पण पांढरा मिसळला की थांबावं लागतं, माझं ग्लेझिंग, म्हणजे वरचे पातळ पारदर्शक थर, अर्धं राहिलं, ते आता घरी चालू आहे.

जाणार असाल तर आधी मूळ चित्र बघून या, आणि शेवटच्या दिवशी मोठा पिझ्झा बॉक्स बरोबर न्या, कॅनव्हास ओला असतो आणि ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या मेट्रोत, गर्दी असते.