आमदाराची कारकीर्द लिहायचीय? परिचय पुस्तिका उघडावी की निकालाचा अहवाल

आपल्या भागातल्या एखाद्या आमदाराची कारकीर्द लिहायला घेतली की, मग ते दिवाळी अंकासाठी असो, पुरवणीसाठी असो की कॉलेजच्या प्रकल्पासाठी, दोन साधनं हमखास समोर येतात. एक म्हणजे विधानमंडळ सचिवालयाची सदस्यांच्या संक्षिप्त परिचयाची पुस्तिका. दुसरं म्हणजे निवडणूक आयोगाचा त्या त्या विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींच्या पीडीएफ मिळतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या निवडणूक पुरवण्यांसाठी मी दोन्ही वापरत आलोय. वेळ थोडा असेल आणि सुरुवात एकापासूनच करायची असेल तर कोणतं घ्यावं, एवढ्यापुरतंच हे लिहितोय.

पुस्तिकेचं मला मनापासून कौतुक आहे. मजकूर मराठीत, नावं शुद्ध. जन्मगाव, शिक्षण, अवगत भाषा, व्यवसाय, छंद, परदेश प्रवास हे सगळं ओळीनं येतं आणि मग ‘इतर माहिती’चा लांबलचक परिच्छेद. तो कंटाळवाणा वाटतो, पण सोडू नका. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, दूध संघ, जिल्हा बँक, शिक्षण संस्था यांतलं काय काय हाताशी होतं ते तिथंच कळतं, आणि खानदेशात आमदारकीची वाट बहुतेकदा याच संस्थांमधून जाते. गिरीश महाजन १९९५ ते २०२४ सलग सात वेळा जामनेरमधून निवडून आले, हे निकालात दिसेल. त्याआधी ते जामनेरचे सरपंच होते, हे निकालात कुठून दिसणार? नाथाभाऊ खडसे २००९ ते २०१४ विरोधी पक्षनेते होते, मग महसूलमंत्री झाले, २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मतांच्या तक्त्यात यातलं एक अक्षर नाही. माणूस समजून घ्यायचा तर पुस्तिकाच बरी, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

माझी अडचण वेगळी आहे. पुस्तिका निवडून आलेल्यांची. जो पडला तो त्या विधानसभेच्या पुस्तिकेत नाही, आणि पुढच्या वेळी जिंकून परत आला की त्याच्या परिचयात कारकिर्दीच्या नुसत्या सनावळ्या येतात. निदान मी पाहिलेल्या परिचयांत पराभवाची ओळ मला सापडलेली नाही.

गुलाबराव पाटलांचं उदाहरण घ्या. एरंडोलमधून १९९९ आणि २००४, मग जळगाव ग्रामीणमधून २०१४, २०१९, २०२४. सगळं खरं. पण २००९ चं काय? सनावळ वाचणाऱ्याला वाटेल की भाऊंनी तेव्हा उभं राहायचंच टाळलं. धरणगावात टपरीवर एका जुन्या कार्यकर्त्याला विचारलं तर तो चहाचा घोट घ्यायच्या आत म्हणाला, “एक डाव पडना व्हता ना भाऊ तो!” आयोगाच्या २००९ च्या अहवालात हेच दोन ओळींत आहे. मतदारसंघांची पुनर्रचना झाली, जळगाव ग्रामीण ही नवी जागा आली आणि तिथं राष्ट्रवादीच्या गुलाबराव देवकरांनी गुलाबराव पाटलांना हरवलं. २०१४ ला तेच दोघं समोरासमोर, या वेळी पाटील जिंकले. २०२४ ला पुन्हा तेच दोघं, पुन्हा पाटील. एका माणसाच्या परिचयात ही दोन गुलाबरावांची लढत कधीच दिसत नाही, आणि मला विचाराल तर त्या मतदारसंघाचं राजकारण या लढतीतच आहे.

मुक्ताईनगरचंही तसंच. २०१९ मध्ये चंद्रकांत पाटील अपक्ष म्हणून निवडून आले, नाथाभाऊंच्या कन्या रोहिणी खडसेंचा १,९५७ मतांनी पराभव करून. पुस्तिकेत त्यांची आमदारकी तिथून सुरू होते. आता आयोगाचं २०१४ चं पान शेजारी ठेवा. मुक्ताईनगरच्या चौकटीत पहिली ओळ नाथाभाऊ खडसेंची, भाजप. दुसरी चंद्रकांत पाटलांची, शिवसेना. फरक दहा हजारांच्या आतला. त्या वर्षी युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या, त्यामुळे एरवी खडसेंच्या मागे उभी राहणारी शिवसेना समोर होती. १९९० पासून सलग सहा वेळा जिंकलेल्या माणसाच्या गडाला तडा कुठं गेला, ते मला या दुसऱ्या ओळीत दिसतं. २०१९ चा निकाल आभाळातून पडला नव्हता. २०२४ ला पाटील पुन्हा जिंकले, या वेळी शिवसेनेकडून, आणि समोर पुन्हा रोहिणी खडसेच.

अहवाल वापरायला सोपा आहे असं मात्र नाही. सगळं इंग्रजी अक्षरांत. कधी आडनाव आधी, कधी नाव आधी, एका माणसाचं स्पेलिंग दर निवडणुकीत निराळं. नावानं शोधायला गेलात तर पाटील आणि पाडवी यांच्या गर्दीत हरवाल. मतदारसंघावरून शोधा, तेही जपून. आज मुक्ताईनगर म्हणतो तो मतदारसंघ २००४ पर्यंत एदलाबाद नावानं आहे. क्रमांकांवर तर अजिबात विसंबू नका. पुनर्रचनेआधी राज्याची यादी सावंतवाडीपासून सुरू व्हायची, आता अक्कलकुव्यापासून होते. म्हणजे आज १ ते २० हे सगळे क्रमांक आपल्या तीन जिल्ह्यांचे, अक्कलकुवा पहिला आणि मुक्ताईनगर विसावा. एवढं एकदा लक्षात ठेवलं की २००९ नंतरचे अहवाल भराभर चाळता येतात. जुन्यासाठी थोडी मेहनत आहे, आणि ती केलेली वाया जात नाही असा माझा अनुभव आहे.

पक्ष बदलले की अहवालाचा आणखी एक फायदा कळतो. धुळे शहरात अनिल गोटे १९९९, २००९ आणि २०१४ असे तीनदा जिंकले, तिन्ही वेळा वेगळ्या पक्षाकडून. परिचयात सहसा तेव्हाचा पक्ष ठळक असतो, मागचे पक्ष शोधावे लागतात. अहवालात प्रत्येक निवडणुकीत नावासमोर त्या दिवशीचा पक्ष आहे आणि समोर कोण होतं, किती जण होते, तिसऱ्यानं किती मतं खाल्ली, तेही आहे. नुसता विजयाचा आकडा घेऊन ‘बालेकिल्ला’ लिहायची सवय आपल्याकडे फार आहे. चौरंगी लढतीत तीस-पस्तीस टक्क्यांवर निवडून आलेल्याला बालेकिल्ला म्हणावं का, हे एकदा टक्केवारीचा रकाना पाहून ठरवा.

म्हणून विधानसभेच्या माणसासाठी मी आधी अहवाल उघडतो. १९९० पासूनच्या प्रत्येक निवडणुकीची एक ओळ कागदावर मांडतो: वर्ष, मतदारसंघ, पक्ष, मतं, समोरचा उमेदवार, त्याची मतं. हरलेल्या निवडणुकाही त्यातच. मग पुस्तिकेतून सरपंचपद, मंत्रिपद, समित्या भरतो. उलट क्रमानं केलं तर परिचयाची भाषा आपल्या लेखात उतरते आणि लेख सत्कार समारंभाच्या मानपत्रासारखा होतो. उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र वेगळं बघावं. मालमत्ता, गुन्हे, शिक्षण यासाठी ते लागतंच, पण त्यातून कारकीर्द कळत नाही.

एका बाबतीत मात्र अहवाल कमी पडतो, तेव्हा पुस्तिकाच आधी घ्या. शिरपूर २००९ मध्ये अनुसूचित जमातीसाठी राखीव झालं आणि तिथून चार वेळा निवडून आलेले अमरिशभाई पटेल विधान परिषदेवर गेले. अहवाल वाचणाऱ्याला ते राजकारणातून गेले असंच वाटेल. अक्कलकुव्यातही २०१९ ला के. सी. पाडवींनी आमश्या पाडवींना हरवलं आणि २०२४ ला निकाल उलटा लागला. हे अहवाल सांगेल, पण मधल्या काळात, २०२२ मध्ये, आमश्या पाडवी विधान परिषदेवर निवडून गेले होते हे सांगणार नाही. नाथाभाऊ खडसेही त्याच वर्षी परिषदेवर गेले. तुमच्या आमदाराचं नाव परिषदेशी जोडलेलं असेल किंवा तो पोटनिवडणुकीतून आला असेल, तर सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात ती वर्षं रिकामीच राहतील.