रणथंबोर: पैसे जिप्सीचे, सीट कॅन्टरची

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन राजस्थानात रणथंबोरच्या व्याघ्र प्रकल्पात गेलो. वाघ दिसला नाही, त्याबद्दल तक्रार नाही. जंगल आहे ते. पण बाकी जे झालं ते लिहितोय, कारण सुट्ट्या लागल्या की आपल्याकडचे बरेच जण दिल्लीच्या गाडीने सवाई माधोपूरला उतरतात.

ऑक्टोबरात गुगलवर 'रणथंबोर सफारी बुकिंग' टाकलं आणि सगळ्यात वर आलेली साइट उघडली. नावात 'ऑफिशियल', वर तिरंगी पट्टी. तळाला बारीक अक्षरांत 'ही खासगी सेवा आहे' असं होतं, ते वाचलं परत आल्यावर. सहा सीटची जिप्सी (उघडी जीप), झोन 3, चौघांचे 14,000 रुपये. झोन म्हणजे सफारीसाठी पाडलेले जंगलाचे भाग. झोन 3 म्हणजे पदम तलाव, जोगी महाल. फोटोंत बघतो ते रणथंबोर. यूपीआय टाकताना समोर कुणातरी माणसाचं नाव आलं, वनखात्याचं नाही. मी तरीही पिन दाबला.

मेलवर आलं ते 'कन्फर्मेशन व्हाउचर'. हे परमिट नसतं, एवढं लक्षात ठेवा. वनखात्याच्या परमिटवर झोन, गाडी, सकाळची की दुपारची फेरी, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर असतो. आमच्या कागदावर नुसता 'सफारी कन्फर्म' आणि एक वाघ.

पहाटे साडेपाचला फोन. "सर, वीआईपी आ गए, जिप्सी नहीं मिलेगी." हॉटेलच्या दारात वीस सीटचा कॅन्टर, म्हणजे उघडा ट्रक, उभा. बाबांचे गुडघे असे, त्यांना दोघांनी वर ओढून घेतलं. गाइडकडचं परमिट मागून बघितलं: झोन 7, आणि रक्कम आम्ही भरलेल्याच्या निम्मीसुद्धा नाही.

एवढं होऊनही दुपारी त्याच फोनवाल्या माणसाला माणशी 800 दिले! "किला पार्क के अंदर है, फोर्ट परमिट लगेगा." रणथंबोरचा किल्ला उद्यानाच्या हद्दीत आहे हे खरंच, म्हणून तर पटलं. पण किल्ल्यावर जायला सफारीचं परमिट लागतच नाही. वर त्रिनेत्र गणेशाचं देऊळ आहे, लोक लग्नाची पहिली पत्रिका त्याला पाठवतात. रोज माणसांची रीघ असते. पायथ्याशी फुलं विकणाऱ्या बाईंना आईने विचारलं, परमिट कुठे दाखवायचं? त्या हसल्याच. "गणेशजी का परमिट?"

1301 साली इथल्या राजा हम्मीरदेवाने अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेला याच तटाबाहेर कित्येक महिने रोखून धरलं होतं. मी एका फोनवर दोनदा शरण गेलो.

बुकिंग राजस्थान सरकारच्या संकेतस्थळावरूनच करा. दलाल धरलाच, तर आधी परमिटची प्रत मागा, मग पैसे. घरी आल्यावर सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पाठवलेत आणि सफारीही झाली, मग फसवणूक कशी? व्हाउचर पुन्हा काढून बघितलं. झोनचा आकडा त्यावर कुठेच नव्हता.