रस्ता सापडत नाही तेव्हा खरं कोण बोलतं? क्यूजीआयएस, आर्कजीआयएस, पीजीराउटिंग आणि ओएसआरएम

गेल्या पावसाळ्यात म्हापशाच्या एका औषधांच्या ठोक विक्रेत्याचं काम घेतलं. दोन टेम्पो, चार स्कूटर आणि पेडण्यापासून तिसवाडीपर्यंत विखुरलेली दुकानं. कुठली गाडी कुठून न्यायची, एवढंच काढून द्यायचं होतं. मी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशातले रस्ते उतरवले, गोव्याच्या सीमेवर कापले, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि संध्याकाळी नकाशा पाठवून मोकळा झालो. सकाळी शेटचा फोन. "अरे बाबा, तुझा कॉम्प्युटर म्हणतो दिवाडीला रस्ता नाही, तेरेखोलला तर नाहीच नाही. आमचा पोरगा दर मंगळवारी जातो, तो काय पोहत जातो?"

त्यानंतर तोच डेटा मी चार साधनांतून फिरवला: क्यूजीआयएस, तसंच नकाशांचं पण विकतचं आर्कजीआयएस, पोस्टग्रेस या डेटाबेसला मार्ग शोधायची जोड देणारं पीजीराउटिंग आणि ओपनस्ट्रीटमॅपवरून मार्ग काढणारं ओएसआरएम. आर्कजीआयएसचा परवाना माझ्याकडे नाही. एका ओळखीच्या कचेरीत दोन दुपारी बसून ते पाहिलं. बाकी तिन्ही फुकट, घरच्या लॅपटॉपवर.

साधन निवडताना पहिला प्रश्न येतो तो वेगाचा. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यासाठी तो प्रश्न सोडून द्या. सर्वात जवळचा रस्ता शोधायची डाइक्स्ट्राची १९५९ सालची पद्धत, किंवा तिचीच सुधारलेली रूपं, या चारही साधनांच्या पोटात आहेत आणि गोव्याएवढं जाळं कुठल्याही बऱ्या लॅपटॉपवर चुटकीसरशी सुटतं. पाहायचं ते दुसरंच. रस्ता मिळाला नाही, तर का मिळाला नाही हे साधन सांगतं का? आणि मिळाला, तर तो खरा आहे हे कशावरून?

तेरेखोलचं बेट

तेरेखोल गाव गोव्याचं, पण नदीच्या पलीकडच्या काठावर. केरीहून फेरीबोटीने जायचं, नाहीतर गाडीने सिंधुदुर्गातून, रेडीवरून वळसा घालायचा. मी डेटा राज्याच्या सीमेवर कापला तिथेच तो वळसा तुटला. वर फक्त 'हायवे' टॅग (रेषेसोबत लिहिलेली खूण) असलेल्या रेषा घेतल्या, त्यामुळे फेरीही गळली. फेरीच्या रेषेवर 'हायवे' नसतो, तिच्या 'रूट' टॅगमध्ये 'फेरी' लिहिलेलं असतं. दिवाडीचं दुखणंही हेच. तिथे जुन्या गोव्याहून, रायबंदराहून किंवा नार्व्याहून फेरीबोटीने जातात आणि त्या तिन्ही रेषा मी स्वतःच्या हाताने गाळल्या होत्या. चूक पूर्ण माझी. पण ती चौघांनी चार तऱ्हांनी दाखवली.

क्यूजीआयएसने सरळ सांगितलं की या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत मार्ग नाही. कुठे तुटलंय ते मात्र सांगत नाही. त्यासाठी त्याच टूलबॉक्समधलं, ग्रास या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं व्ही.नेट.कॉम्पोनंट्स हे साधन चालवायचं. जाळ्याच्या प्रत्येक जोडलेल्या भागाला ते वेगळा क्रमांक देतं. क्रमांकाप्रमाणे रंग दिले की तेरेखोल वेगळ्या रंगात, दिवाडी तिसऱ्याच रंगात, आणि कुठल्याशा सोसायटीच्या आतले चार रस्ते उगाच चौथ्या रंगात. निदानाला इतकं झटपट दुसरं काही मला सापडलं नाही.

पीजीराउटिंगने शून्य ओळी दिल्या. एरर नाही, इशारा नाही. नोडचा, म्हणजे रस्ते जिथे जोडले जातात त्या बिंदूचा, क्रमांक चुकला तरी शून्य ओळी आणि रस्ता तुटका असला तरी शून्य ओळी. पहिल्यांदा वापरणारा यातच अर्धा दिवस घालवतो. मात्र एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येत असेल तर कनेक्टेड-कॉम्पोनंट्सचं फंक्शन चालवून प्रत्येक भागात किती नोड आहेत ते मोजता येतं. एक मोठा आकडा आणि खाली किरकोळ आकड्यांची शेपटी दिसली की किरकोळांतला प्रत्येक जण संशयित.

आर्कजीआयएसमध्ये थांब्यांच्या तक्त्यात 'स्टेटस' नावाचा रकाना असतो. थांब्याला जागाच मिळाली नाही, जागा मिळाली पण तो रस्ता बंद आहे, की जागा मिळूनही तिथवर पोचता आलं नाही, हे त्यात वेगवेगळं लिहून येतं. हा रकाना मला फार आवडला. एक खोड मात्र आहे. थांब्याभोवती रस्ता शोधण्याची डीफॉल्ट मर्यादा ५,००० मीटर. गोव्यात पाच किलोमीटरमध्ये माणूस नदी ओलांडून पलीकडच्या तालुक्यात जातो! ती २०० मीटरवर आणा आणि मगच काय सापडतं ते बघा.

आता ओएसआरएम. त्याने तेरेखोलला झकास रस्ता दिला, अंतरासकट, वेळेसकट. मी खूश. मग नकाशा मोठा करून पाहिला तर रस्ता केरीच्या धक्क्याकडेच संपत होता. जाळ्यापासून तुटलेला छोटा तुकडा दिसला की ओएसआरएम तुमचा बिंदू गुपचूप जवळच्या मोठ्या भागावर नेऊन ठेवतं. पार्किंगमधल्या सुट्या रेषांसाठी ही सोय चांगली आहे, नदीकाठी मात्र घातक. पकडायची युक्ती सोपी. उत्तरात प्रत्येक थांब्यासोबत, तुम्ही दिलेला बिंदू किती मीटर हलवला तेही येतं. त्या आकड्यावर यादी उतरत्या क्रमाने लावा. माझ्या यादीत वरचे तिन्ही थांबे पाण्यापलीकडचे निघाले. 'रस्ता नाही' म्हणून हात वर करणारं साधन अशा वेळी परवडलं.

तिठे जोडलेले दिसतात, जोडलेले नसतात

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वाटणाऱ्या जिओफॅब्रिककडून तयार शेपफाइल (नकाशातल्या रेषांची फाइल) घेतली तर इथे हमखास अडकाल. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये लांब रस्ता एकच रेषा असतो आणि गल्ली त्याच्या मधल्या बिंदूला येऊन मिळते. क्यूजीआयएस रेषेवरचा प्रत्येक बिंदू नोड मानतं, म्हणून तिथे गल्ली जोडलेली. आर्कजीआयएसचं डीफॉल्ट धोरण टोकाला टोक जोडण्याचं, त्यामुळे तीच गल्ली सुटी. पीजीराउटिंगची टोपोलॉजीही (कुठली रेषा कुठल्या नोडला मिळते याची नोंद) रेषेची दोन टोकंच बघते, तिथेही सुटी. एकच फाइल, क्यूजीआयएसमध्ये रस्ता मिळतो, बाकी दोघांत नाही, आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

आर्कजीआयएसमध्ये धोरण बदलून 'एनी व्हर्टेक्स' करा आणि नेटवर्क पुन्हा बिल्ड करा. बिल्ड विसरलात तर बदल जाळ्यात उतरणारच नाही. कचेरीतला तो मुलगा याच कारणाने दोन वेळा हवालदिल झाला. पीजीराउटिंगमध्ये रेषा तिठ्यावर तोडाव्या लागतात. त्यासाठीचं जुनं नोड-नेटवर्क फंक्शन ३.८ आवृत्तीपासून निवृत्तीच्या यादीत आहे, तेव्हा जुन्या ब्लॉगांवरून कोड उचलताना सांभाळून. आणि तोडताना अटल सेतू लक्षात ठेवा.

अटल सेतू

मांडवीवरचा हा तिसरा पूल जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. आधीच्या दोन पुलांच्या मधून, त्यांच्याहून उंचावरून तो जातो आणि पणजीच्या बाजूला कदंब बसस्थानकाजवळ त्याचे रॅम्प खालच्या रस्त्यांवरून झेपावतात. सपाट नकाशात या सगळ्या रेषा एकमेकींना छेदतात. 'जिथे छेद तिथे तोडा' असं सांगितलं की पुलावरून थेट खालच्या रस्त्यावर उतरायचा तिठा तयार होतो. माझ्या टेम्पोने पर्वरीहून येताना रॅम्पवरून काटकोनात खाली उडी घेतली. कागदावर चार मिनिटं वाचली. तुटका रस्ता निदान ओरडतो. असा खोटा तिठा गप्प बसतो आणि नुकसान करतो. ग्रासच्या व्ही.क्लीनमधलं 'ब्रेक' वापरलं तरी हेच होणार.

उपाय असा की शेपफाइल बाजूला ठेवून ओपनस्ट्रीटमॅपची मूळ फाइलच घ्यायची. तिच्यात दोन रस्ते खरोखर मिळत असतील तरच त्यांचा नोड सामायिक असतो. पूल आणि खालचा रस्ता यांचा नसतो. ओएसएमटूपीजीराउटिंग हे साधन सामायिक नोडवरच रेषा तोडतं. ओएसआरएम आणि त्याच्यासारखंच दुसरं फुकट साधन व्हॅलहल्ला मुळातून तीच फाइल वाचतात, म्हणून पुलाच्या बाबतीत ते पहिल्यापासून शहाणे. (ओएसएमटूपीजीराउटिंगच्या मॅपकॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेले टॅगच आत येतात. फेरी हवी असेल तर ती तिथे आहे का ते आधी बघा, नाहीतर दिवाडी पुन्हा बेट.)

दुसरी भानगड स्कूटरची. अटल सेतूवर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे. ओएसआरएमसोबत मोटार, सायकल आणि पायी अशी तीनच प्रोफाइलं (कुठल्या वाहनाने कुठून जायचं याचे नियम) येतात. दुचाकीसाठी लुआ भाषेत स्वतःचं प्रोफाइल लिहायचं आणि सगळा डेटा पुन्हा प्रक्रियेला घालायचा. व्हॅलहल्लात मोटरसायकल आणि स्कूटर असे मोड तयार आहेत आणि दर विनंतीला पर्याय बदलता येतात, अगदी फेरी किती आवडीने घ्यायची तेसुद्धा. गोव्यासाठी या दोघांत माझं मत व्हॅलहल्लाला. ओएसआरएमचा वेग आपल्याला पुरून उरतो, पण दुचाकी आणि फेरी ही आपली रोजची गरज आहे. रस्त्यावर बंदीचा टॅग लावलेला आहे ना, एवढं मात्र आधी तपासा. टॅग नसेल तर कुठलंही साधन ती ओळखणार नाही.

बारीकसारीक

पणजीतले एकदिशा रस्ते उलटे येत असतील तर रकान्यातली अक्षरं बघा. जिओफॅब्रिकच्या शेपफाइलमध्ये 'एफ' म्हणजे रेषेच्या दिशेने, 'टी' म्हणजे उलट, 'बी' म्हणजे दोन्हीकडून. आर्कजीआयएसच्या प्रचलित पद्धतीत 'एफटी' आणि 'टीएफ' असतं. क्यूजीआयएसमध्ये ही अक्षरं तुम्हीच भरायची. नाही भरलीत तर सगळे रस्ते दुतर्फा.

त्याच फाइलमध्ये वेगमर्यादा ठाऊक नसेल तर शून्य लिहिलेलं असतं. क्यूजीआयएस त्याबद्दल तक्रार न करता पुढे जातं. पीजीराउटिंगमध्ये तुम्ही लांबीला वेगाने भागलंत की पोस्टग्रेस जागच्या जागी भडकतं. मला पोस्टग्रेसचा रागीटपणा बरा वाटतो, कारण निम्म्या रस्त्यांना वेगच नाही हे त्यामुळे कळतं.

आणि एकक. लेयर (डेटाचा थर) अक्षांश-रेखांशाच्या अंशांत असताना टोपोलॉजी टॉलरन्समध्ये, म्हणजे किती अंतरातले बिंदू एकच मानायचे त्या मर्यादेत, मीटर समजून १ लिहिलंत, तर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गोवा उत्तर-दक्षिण १०५ किलोमीटर. अख्खा गोवा एका नोडमध्ये! आधी डेटा मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर या पद्धतीमध्ये, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये घ्या.

| | क्यूजीआयएस | आर्कजीआयएस | पीजीराउटिंग | ओएसआरएम / व्हॅलहल्ला |
|---|---|---|---|---|
| रस्ता नसेल तर | 'मार्ग नाही' असा संदेश | थांबानिहाय स्टेटस | रिकामा निकाल | एरर कोड, पण बिंदू सरकवण्याची शक्यता |
| मधल्या बिंदूवरचा तिठा | जोडतं | धोरण बदललं तर | रेषा तोडल्या तर | मूळ नोडप्रमाणे |
| वळणबंदी | मूळ साधनांत नाही | आहे, टर्न फीचर बनवून | आहे, वेगळ्या फंक्शनने | ओपनस्ट्रीटमॅपमधून आपोआप |
| स्वतःचा रस्ता जोडणं | अगदी सोपं | सोपं, मग बिल्ड | सोपं | फाइल बदलून पुन्हा प्रक्रिया |
| पैसे | नाही | परवाना हवा | नाही | नाही |

मग कोणी काय घ्यावं

पंचायतीच्या कचरागाडीचा मार्ग किंवा शाळेच्या बसचे दहा-बारा थांबे असतील तर क्यूजीआयएसवर भागतं. वळणबंदी त्याला कळत नाही, पण खेड्यातल्या रस्त्यांवर ती असते कुठे? कुणी नवखा या कामात उतरत असेल तर त्यानेही इथूनच सुरुवात करावी, कारण तुटलेलं जाळं डोळ्यांना दिसतं.

कचेरीत आर्कजीआयएस आधीच असेल आणि नेटवर्क ॲनालिस्ट (त्यातला मार्ग काढणारा जोडभाग) परवान्यात धरलेलं असेल, तर दुसरीकडे बघू नका. नेटवर्कमधल्या एखाद्या रेषेवर क्लिक करून ती कुणाकुणाला जोडलेली आहे, कुठल्या दिशेला बंद आहे, हे तिथे दिसतं. शिवाय बऱ्याच गाड्या, वेळेच्या चौकटी, गाडीची क्षमता हे सगळं एकत्र सोडवणारं साधनही आत आहे. पण फक्त मार्ग काढण्यासाठी नव्याने विकत घ्यायचा विचार असेल, तर मी हात धरून थांबवेन.

पीजीराउटिंग त्याच्यासाठी, ज्याच्याकडे स्वतःचे रस्ते आहेत: खाणीचे, बागायतीचे, औद्योगिक वसाहतीतले, जे ओपनस्ट्रीटमॅपवर नाहीत. आणि ज्याला एसक्यूएलची भीती वाटत नाही.

मी शेटला शेवटी व्हॅलहल्ला लावून दिलं. डेटा गोव्याचा न घेता सिंधुदुर्गासकट घेतला, म्हणजे रेडीचा वळसा शाबूत. तपासणी अजून क्यूजीआयएसमध्येच करतो. नवा डेटा उतरवला की आधी कॉम्पोनंट्सचे रंग, मग सरकवलेल्या थांब्यांची यादी, मग बाकीचं. फेरीला किती वेळ लागतो हे डेटावरून कळतं, धक्क्यावर किती वेळ ताटकळावं लागतं हे कुठेच लिहिलेलं नसतं. मी दिवाडीसाठी अंदाजाने पंधरा मिनिटं धरली आणि पोराला दाखवली.

"मंगळवारी ना?" तो म्हणाला. "पंचवीस धरा दादा. शाळा सुटायच्या वेळेला गेलो तर चाळीस."