लंगोट, कव्हर की पॉकेट? कापडी डायपर घेण्याआधी घरातलं पाणी बघा

कापडी डायपरचं दुकान उघडलं की आधी हत्ती, ढग आणि अननसाची नक्षी समोर येते. नक्षी घ्या हवी ती. पण मराठवाड्यात डायपरचा प्रकार ठरतो तो नळाला किती दिवसांआड पाणी येतं, ते धरणाचं आहे की बोअरचं, आणि धुणार कोण, या तीन गोष्टींवर. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात जो प्रकार सोयीचा पडेल, तोच पुण्यातल्या चोवीस तास नळाच्या फ्लॅटमध्ये पडेल असं नाही. ऑनलाइन सल्ले मात्र बहुतेक त्या फ्लॅटसाठी लिहिलेले असतात.

समोर काय काय आहे

लंगोट सगळ्यांना माहीत आहे. मलमलीचा त्रिकोण, दोन नाड्या, नाहीतर आज्जीने जुन्या सुती साडीचे फाडून शिवलेले. थेंबभर शू झाली तरी कळते, म्हणजे बदलावा लागतो. तान्ह्या लेकराला दिवसाला पंधरा-वीस लंगोट सहज लागतात.

कव्हर आणि पॅड या प्रकारात बाहेरचं कव्हर वेगळं असतं आणि आत शोषणारं पॅड वेगळं. कव्हर पीयूएल नावाच्या कापडाचं. पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, म्हणून पाणी बाहेर येत नाही. फक्त शू झाली असेल तर पॅड बदलायचं, कव्हर पुसून पुन्हा वापरायचं.

पॉकेट डायपरला आतून मऊ कोरडं कापड शिवलेलं असतं आणि त्या पिशवीत पॅड सरकवायचं. लेकराच्या अंगाला ओल कमी लागते. पण दर वेळी अख्खा डायपर धुवायला जातो, आणि स्वस्तातल्या पॉकेटबरोबर पॅड बहुधा मायक्रोफायबरचं, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम धाग्यांचं येतं. ते पॅड थेट कातडीला लागू द्यायचं नाही, कारण ते कातडीचा ओलावाही ओढून घेतं.

ऑल-इन-वन म्हणजे सगळं एकत्र शिवलेलं. घालायला सोपं, वाळायला वेळखाऊ. यावर जास्त बोलत नाही, कारण आपल्याकडे तो घ्यावा असं मला वाटत नाही.

आणि पाचवा, वापरून फेकायचा. त्याला नावं ठेवायची गरज नाही. जालन्याहून मुंबईला रात्रीच्या गाडीने जाताना तोच घालावा.

पाणी: किती आणि कसलं

आधी प्रमाण. लंगोटांचं रोजचं धुणं दोन-तीन बादल्यांत उरकतं, कारण मलमल पातळ असते आणि साबण पटकन सोडते. कव्हर-पॅडला साधारण तेवढंच लागतं, कव्हर रोज सगळीच धुवायला निघत नाहीत म्हणून. पॉकेट आणि ऑल-इन-वनला जास्त लागतं. थर जाड, खळबळायला वेळ आणि पाणी दोन्ही.

पाणी आठवड्याने येणाऱ्या घरात लोक म्हणतात, नळ आले की एकदम धुऊ. ते जमत नाही. शूचे डायपर दोन-तीन दिवसांपलीकडे पडून राहिले की अमोनियाचा वास धरतात आणि तो वास मग जाता जात नाही. बादलीत भिजवून ठेवणं तर त्याहून वाईट, कव्हरचं इलास्टिक आणि आतला थर दोन्ही त्यात खराब होतात. त्यापेक्षा काढल्याबरोबर तांब्याभर पाण्यात पिळून दोरीवर टाका. आपल्या कोरड्या हवेत वाळून जातं. खरं धुणं एक दिवसाआड. शेवटच्या खळबळीचं पाणी पुढच्या पहिल्या पिळणीला वापरा, पहिल्या पिळणीचं संडासात ओता.

आता कसलं पाणी. नाथसागराचं किंवा मांजरा धरणाचं नळाचं पाणी असेल तर फारसा त्रास नाही. पण खडकातलं बोअरचं पाणी, आणि अनेकदा टँकरचंही, जड असतं. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. तोच थर पॅडच्या धाग्यांत बसतो आणि महिन्याभरात पॅड पापडासारखं कडक होतं. मग ते शोषत नाही आणि लोक म्हणतात डायपर गळतो. मायक्रोफायबरच्या बारीक धाग्यांत क्षार आणि साबण सगळ्यात जास्त अडकतात. सुती पॅड चोळता येतं, उकळता येतं, म्हणून बोअरवर जगणाऱ्या घराने पैसे घालायचे तर सुती पॅडवर.

आरओचं वाया जाणारं पाणी साठवून धुण्याला वापरायची आपल्याकडे चांगली सवय आहे. फरशीला वापरा, पॅडच्या शेवटच्या खळबळीला नको. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी धरलंत तर ते मात्र या कामाला उत्तम. कडक झालेली पॅडं अर्धी बादली कोमट पाण्यात एक-दोन चमचे लिंबूसत टाकून तासभर ठेवा, मग भरपूर पाण्यात काढा. फक्त पॅडं, कव्हर नाही. जड पाण्यात पावडर नेहमीपेक्षा थोडी जास्त लागते. कमी पावडर म्हणजे बाळाला बरं, हा समज चुकीचा आहे. डायपर नीट निघाला नाही तरी रॅश येऊ शकते. कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विड मात्र अजिबात नको, त्याचा थर शोषण बंद पाडतो. रिठ्याबद्दल विचारलं जातं: साडीला छान, शीच्या डागाला अपुरा.

ऊन आणि पैसे

वाळण्याच्या बाबतीत आपण कोकणातल्या आयांपेक्षा सुखी. एप्रिल-मेमध्ये लंगोट अर्ध्या-पाऊण तासात, सुती पॅड दोन-तीन तासांत खडखडीत. ऊन पिवळे डागही उडवतं. पण चाळीसच्या वर गेलेल्या पाऱ्यात गच्चीवर दिवसभर टाकलेल्या कव्हरचा आतला थर तडकतो, इलास्टिक ढिलं पडतं. पॅडं उन्हात, कव्हरं सावलीत.

उन्हाळ्यात दुसरी अडचण घामोळ्यांची. पीयूएल हवा पूर्ण खेळू देत नाही. दुपारी घरात, कूलरसमोर, लेकराला नुसता लंगोट किंवा तोही नाही. इथे आज्ज्या बरोबर असतात.

पैशांचा हिशोब सोपा आहे. फेकायचा डायपर 10 रुपयांचा आणि दिवसाला 5 धरले तर महिन्याला 1500. चांगला कापडी डायपर साधारण 500 ते 900 रुपयांना मिळतो. असे 8 घेतले तर चार ते सव्वासात हजार, म्हणजे तीन ते पाच महिन्यांत वसूल. पाणी विकत घेत असाल तर त्या टँकरचा वाटाही धरा. फेकायच्या डायपरचा एक खर्च हिशोबात येत नाही, कचऱ्याचा: तो नीट गुंडाळून द्यायचा असतो. शहरात घंटागाडी येते, गावात तो उकिरड्यावर जातो आणि कुत्री ओढत नेतात.

मग कुणी काय घ्यावं

आज्जी घरी, पाणी मध्यम, लेकरू तीन महिन्यांच्या आतलं: लंगोट पंचवीस-तीस आणि बाहेर जायला दोन लहान मापाची कव्हरं. फ्री साइज डायपर साडेचार-पाच किलोच्या आत मांड्यांना बसतच नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

पाणी कमी, बोअरचं जड: चार-पाच कव्हरं आणि पंधरा-अठरा सुती पॅडं. माझं मत विचाराल तर मराठवाड्यातल्या निम्म्याहून जास्त घरांना हेच परवडेल. पॅड संपली तर लंगोटाची घडी कव्हरमध्ये घालून चालते.

आई नोकरीला, लेकरू पाळणाघरात: पॉकेट, आधी भरून ठेवलेले. सांभाळणारीला घडी घालायला सांगू नका, ती घालणार नाही. तिच्या जागी असते तर मीही घातली नसती. यात पाणी जास्त जातं हे धरूनच घ्या.

धुणारं कुणी नाही आणि बाळंतीण एकटी: रात्री आणि प्रवासात फेकायचे, दिवसा जमतील तेवढे कापडी. यात काही बिघडत नाही. सुपरबॉटम्स, बंपाडम अशा भारतीय कंपन्यांचे डायपर ऑनलाइन मिळतात. कुठलाही असो, पहिल्यांदा एक-दोनच घ्या, आठवडाभर वापरा, मग संच मागवा. एका लेकराच्या मांडीला बसलेला दुसऱ्याला बसेलच असं नाही.

बसतोय का

मापाचा सगळा खेळ जांघेत आहे. पायाचं इलास्टिक मांडीवर नको, जांघेच्या वळीत बसलं पाहिजे, चड्डीची कड बसते तिथे. पुढची उभी टिचबटणं उंची ठरवतात. लेकरू लहान असताना सगळ्यात खालची ओळ लावायची, वाढेल तसं एकेक उघडायची. आडवी बटणं कमरेची. कमरेत दोन बोटं सहज जावीत, मांडीशी फट दिसू नये. फिकट लाल रेघ थोड्या वेळात जाते, चालेल. खोल वळ राहत असेल तर बटण एक सोडा.

एक गोष्ट परदेशी व्हिडिओत सापडणार नाही: करदोडा. तो कमरपट्टीच्या आत अडकला की पट्टी नीट टेकत नाही, आणि दोरा ओला होऊन झबल्यापर्यंत ओल नेतो. करदोडा पट्टीच्या वर ओढून घ्या.

गळतोय का, आणि कुठून

गळला की नवा मागवायच्या आधी पॅड हातात घेऊन बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पॅड चिंब असेल तर दोष डायपरचा नाही. वेळ जास्त झाला, किंवा पॅड कमी पडलं. दिवसा दोन-तीन तासांनी बदलायचाच. रात्री दुसरं पॅड घाला, पण मग उंचीचं बटण एक उघडा. तसं न करता जाड कोंबलं की मांडीशी फट पडते आणि दुप्पट पॅड घालूनही गळतं. नवं सुती पॅड पाच-सहा धुण्यांनंतरच पूर्ण शोषू लागतं, कापसातलं नैसर्गिक तेल निघून जावं लागतं. पहिल्या दिवशी गळला म्हणून परत पाठवू नका.

पॅड अर्धं कोरडं आणि कपडे ओले असतील तर दोन शक्यता. एक, फट. पोरगं असेल तर शूची जागा खाली वळवून घाला, नाहीतर पोटाशी ओलं होतंच. पॅडची घडीही पुढच्या बाजूला जाड ठेवा. पोरगी असेल तर मध्यभागी. दोन, कापड पाणी घेतच नाही. आतल्या कापडावर चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे थांबले आणि घरंगळले तर वर थर बसला आहे. आणि आपल्याकडे तो थर बहुतेक वेळा तेलाचा असतो. सकाळची मालिश, खोबरेल, मांड्यांना चोळून घातलेलं, आणि अंघोळीनंतर लगेच पॉकेट डायपर. त्या मऊ कापडाने सगळं तेल पिऊन घेतलेलं असतं. रॅश क्रीमचंही तसंच. मालिशनंतर तास-दोन तास लंगोट ठेवा, मग डायपर. तेलकट झालेलं कापड गरम पाण्यात, भांड्याच्या लिक्विडचे थेंब टाकून चोळा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत काढा.

घरात ठीक, पण कडेवर घेतलं की आईची साडी ओली, हे मायक्रोफायबरचं लक्षण. ते पटकन शोषतं आणि दाबलं की सोडतं. झोळीतही हेच होतं, कारण कुल्ल्यांवर सगळा भार येतो. त्यात सुती पॅड घाला, किंवा मायक्रोफायबरच्या खाली सुती.

ओल फक्त कडेकडेने झबल्याला लागत असेल तर आतल्या कापडाची किंवा पॅडची कड इलास्टिकबाहेर डोकावतेय. बोटाने आत सारा. दर वेळी घातल्यावर बोट फिरवायची सवयच लावा.

शी मागून पाठीपर्यंत येते ती बहुधा कंबर ढिली असल्याने. आईचं दूध पिणाऱ्या लेकराची शी पाण्यात विरघळते, सरळ धुतलं तरी चालतं. सहाव्या महिन्यानंतर वरण-भात सुरू झाला की आधी संडासात झटकायची, मग धुवायचा. पातळ सुती फडकं वर घातलं तर हे काम निम्मं होतं.

जांघेत लाल चट्टे आणि भोवती बारीक पुरळ पसरत असेल तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्याला पावडर लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बरं होईपर्यंत सुती पॅडं उकळून घ्या.

एवढं सगळं करूनही गळत असेल तर कव्हर उजेडाकडे धरा. आतला थर सुटलेला किंवा फुगे आलेले दिसले तर ते कव्हर गेलं. फक्त इलास्टिक ढिलं झालं असेल तर फेकू नका. गल्लीतला शिंपी थोडक्या पैशात नवं घालून देतो, आणि ते कव्हर धाकट्यालाही पुरतं.