चिनी डिझेल हीटर: यंत्र चोख, तारा रडतराऊ

थंडीत लेह-स्पितीकडे निघालेल्या कॅम्परमध्ये सीटखाली हल्ली हमखास दिसतो तो बिनब्रँडचा चिनी डिझेल हीटर. इंजिन बंद ठेवून थोडंथोडं डिझेल जाळायचं आणि केबिन ऊबदार ठेवायची, एवढंच त्याचं काम. पेटीवर ८ किलोवॅट छापलेलं असलं तरी आतलं यंत्र बहुतेकदा ५ चंच निघतं. त्यावर वाद घालू नका, छोट्या व्हॅनला २ चाही पुरतो. एबरश्पेशर किंवा वेबास्टो या जर्मन कंपन्यांच्या हीटरच्या मानाने किंमत किरकोळ, आणि त्या किमतीला बर्नर, ब्लोअर, बॉडी सगळं चांगलं आहे. गुण कापायचे ते सोबतच्या वायरिंगचे. ‘हीटर गेला’ म्हणून जे समोर येतं त्यातलं बरंचसं हीटरमध्ये नसतंच. बॅटरी आणि हीटरच्या मधल्या तारेत असतं.

चालू केल्यावर पहिला मिनिटभर ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, तापतो, तेव्हा हीटर ८ ते १० अँपिअर ओढतो. एकदा ज्योत धरली की काम एक-दोन अँपिअरवर येतं. म्हणजे खरी परीक्षा सुरुवातीलाच. बॅटरीपासून हीटरपर्यंत जाऊन-येऊन ८ मीटर तार असेल आणि ती दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) असेल, तर १० अँपिअरला तारेतच ०.९ व्होल्ट खर्च होतात. अर्धी उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी गारठ्यात लोडवर ११.५ ला आली, की हीटरच्या तोंडाशी साडेदहाच उरतात आणि कंट्रोलर हात वर करतो. चार स्क्वेअरची तार टाकली तर हाच खर्च ०.३५ व्होल्टवर येतो. जाता-येता मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत राहायचं, हा हिशेब पक्का ठेवा. लायटर सॉकेटमधून सप्लाय घेणं तर विसराच.

मल्टिमीटर नुसता लावून ‘१२.६ येतायत की’ असं म्हणणारे इथेच फसतात. लोड नसताना केसाएवढ्या तारेतूनही १२.६ दिसतात. हेडलाइटचा ६०/५५ वॉटचा एच-फोर बल्ब घ्या, दोन्ही फिलामेंट एकत्र जोडा आणि हीटरच्या सप्लाय कनेक्टरवर लावा. हा लोड बरोबर साडेनऊ-दहा अँपिअरचा, म्हणजे ग्लो प्लगइतकाच. बल्ब पेटलेला असताना मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर, दुसरा कनेक्टरच्या प्लस पिनवर ठेवा. जो आकडा दिसेल तो त्या बाजूचा तोटा. मग मायनसला तसंच. दहा सेकंदांत उरका, बल्ब भयंकर तापतो. प्लसला ०.२ आणि मायनसला ०.८ असं काही दिसलं तर बॉडी अर्थ घासायला घ्या: थिंबलखालचा (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीखालचा) रंग खरवडून पत्रा चमकला पाहिजे. त्याहून बरं म्हणजे मायनस थेट बॅटरीवर न्या. प्लस बाजूला पहिला संशय फ्यूज होल्डरवर. प्लास्टिक पिवळं पडून पाघळलं असेल तर फ्यूज नव्हे, होल्डरच बदला.

आता बिघाड सांगणारे कोड. डिजिटल कंट्रोलरवर साधारण ई-०१ म्हणजे व्होल्टेज कमी, ई-०२ जास्त, ई-०३ ग्लो प्लग, ई-०४ पंप, ई-०६ ब्लोअर, ई-०७ कंट्रोलरशी संपर्क तुटला, ई-१० पेटलाच नाही. पण बोर्ड बदलला की अर्थही बदलतो, त्यामुळे आपल्या पेटीतला कागद जपून ठेवा.

ई-०३ आला म्हणून लगेच प्लग मागवू नका. थंड प्लगचा रेझिस्टन्स एक ओमपेक्षाही कमी असतो. साधा मीटर वापरताना आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वायरींचा आकडा बघा आणि तो वजा करा. मीटरने ओपन, म्हणजे आतलं सर्किट तुटलेलं, दाखवलं, तरच प्लग मेला. तो सिरॅमिक असतो, हातातून पडला तर तडकतोच. पंपाच्या दोन तारांना प्लस-मायनस नसतं, कशाही जोडल्या तरी चालतात. पंप टिकटिक करत नसेल तर त्याचा प्लग काढून कॉइल ओपन आहे का बघा. मग चासीखालून गेलेली वायर तपासा, चिखल-पाण्याने हिरवी पडलेली पिन तिथेच सापडते.

ई-०७ चा गुन्हेगार बहुधा तीन तारांचं कनेक्टर. लाल, काळी आणि सिग्नलची निळी. आतली पिन सैल झालेली असते. सुईने पाकळी आत दाबली की काम होतं. डाख लावायची गरज पडत नाही. ई-०६ मात्र फसवा आहे. ब्लोअरच्या पंख्यातला छोटा चुंबक आणि बोर्डवरचा हॉल सेन्सर (चुंबक ओळखून फेरे मोजणारा) यांच्यातलं अंतर बिघडलं, की पंखा जोरात फिरत असूनही बोर्डला तो बंद वाटतो. उघडून पुन्हा बसवलेल्या हीटरवर हा कोड आला तर मोटर फेकण्याआधी पंखा शाफ्टवर नीट बसलाय का ते पाहा.

या यंत्राची सगळ्यात मोठी शत्रू म्हणजे बॅटरीचा सप्लाय तोडणारा मेन स्विच. हीटर बंद केल्यावर ग्लो प्लग पुन्हा पेटून उरलेलं डिझेल जाळतो आणि ब्लोअर काही मिनिटं फिरत राहतो. त्याआधीच करंट तोडला तर चेंबर निवत नाही, प्लगभोवतीच्या जाळीत काजळी धरते आणि पुढच्या खेपेला ई-१० येतो, जो दिसायला इलेक्ट्रिकल पण असतो कार्बनचा. लेहच्या ३,५०० मीटर उंचीवर हवा विरळ, त्यामुळे डिझेलचा ओघ कमी न केल्यास जाळी आणखी लवकर बुजते. ट्रकवाल्यांनी २४ व्होल्टचाच संच घ्यावा. १२ चा प्लग तिथे क्षणात जळतो.

घाटापलीकडे जाताना सोबत २० अँपिअरचे दोन फ्यूज, एक प्लग, दोन जाळ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि तो एच-फोर बल्ब ठेवा.