डबे उडवायला .22 की .177? गोव्यात रायफल घेऊ पाहणाऱ्यासाठी

हौसेखातर रायफल घ्यायची म्हटली की आपल्याकडे प्रश्न बहुधा असा येतो: बागायतीत करवंट्या नि रिकामे डबे उडवायचे आहेत, जमलंच तर एखादा ससा किंवा रानकोंबडा, मग .22 इंच नळीची काडतुसाची रायफल घेऊ की .177 इंच नळीची एअर रायफल? यूट्यूबवर याची उत्तरं ढिगाने मिळतात. पण ती अमेरिकेतल्या माणसाची असतात. त्याला फक्त रुगर 10/22 की सीझेड 457, या .22 च्याच दोन मॉडेलांतली कोणती, एवढंच ठरवायचं असतं. दुकानात गेला, पैसे मोजले, घेऊन आला. फोंडा किंवा सत्तरीतल्या माणसाला आधी कायद्याचे दोन उंबरठे ओलांडायचे असतात. ते लक्षात घेतले की निम्मी तुलना तिथेच निकालात निघते.

पहिला उंबरठा शिकारीचा. सशाची आशा आधी सोडून द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ससा, साळिंदर, रानकोंबडा, घोरपड, शेकरू सगळे आले. पावसाळ्यात ज्यांच्या तंगड्या गुपचूप ताटात येतात ते मोठे बेडूकसुद्धा आले. 2022 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्याचा कमाल दंड 25 हजारांवरून एक लाखावर नेला, कैद वेगळी. हत्यार कुठलं होतं याने गुन्हा बदलत नाही. ‘एअरगनच आहे, तिला कुठे लायसन लागतं’ हे वाक्य वनरक्षकासमोर चालणार नाही. अरुणाचल प्रदेशात याच बंदुकांनी रानातली पाखरं संपत आली, म्हणून 2021 मध्ये सरकारने लोकांकडून एअरगन स्वेच्छेने जमा करून घेण्याची मोहीम काढली होती.

शेतीसंरक्षणाच्या लायसनबद्दलही गैरसमज फार. काजूच्या मळ्यात डुक्कर नि कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) केलडी म्हणजे माकडं किती धुमाकूळ घालतात ते मला सांगायची गरज नाही. पण ते लायसन बंदूक बाळगण्याचं असतं, जनावर मारण्याचं नव्हे. मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या हातात असते आणि तो रस्ता वनखात्याच्या अर्जातून जातो. शिवाय रानडुकरावर .22 झाडणं हा कायदा बाजूला ठेवला तरी मूर्खपणाच. जनावर जखमी होऊन झाडीत जाणार आणि दुसऱ्या दिवशी काजू गोळा करायला गेलेल्या बाईवर उलटणार.

उरतं काय, तर नेम. कागदावर, डब्यावर, पत्र्याच्या चकतीवर. तेवढ्यासाठी कोणती घ्यावी, हा खरा प्रश्न.

दोन्हींतला फरक आकड्यांत बघू. .22 लाँग रायफल हे काडतूस 1887 पासूनचं. स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून नाव रिमफायर. त्यामुळेच वापरलेली पितळी टोपी पुन्हा भरता येत नाही. गोळी 40 ग्रेनची, म्हणजे साधारण 2.6 ग्रॅम. साध्या वेगाची गोळी सेकंदाला 325 मीटरच्या आसपास सुटते, तिची ऊर्जा 135-140 ज्यूल भरते. हाय व्हेलॉसिटी घेतली तर वेग 380 च्या घरात जातो. आवाजाचा वेग ओलांडला जातो आणि ‘फाड्’ असा कडका ऐकू येतो. एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. स्पर्धेच्या 10 मीटरच्या बंदुकीत तो 170-175 मीटरने जातो, ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. घरगुती वापराच्या ताकदवान बंदुका याच्या दुपटी-अडीचपटीपर्यंत जातात. तरी .22 ची सर कुणालाच नाही.

ही सर आपल्याला हवी आहे का, ते बघा. .22 च्या खोक्यावर गोळी दीड मैलापर्यंत जाते असा इशारा छापलेला असतो. दीड मैल म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. गोव्यात कुठल्याही टेकडीवर उभं राहून अडीच किलोमीटरच्या वर्तुळात एकही वाडा, एकही देऊळ, एकही रस्ता नाही असं ठिकाण शोधून दाखवा! त्यात आपली जमीन चिऱ्याची. शिशाची गोळी चिऱ्यावर किंवा खाजनातल्या (खाडीकाठच्या शेतातल्या) पाण्यावर तिरकी आदळली की उसळून कुठे जाईल याचा भरवसा नाही. म्हणून .22 रेंजवरच, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी. बागायतीत .22 ने डबे उडवणं मी कुणालाही सुचवणार नाही, आणि रायफल आपली असली म्हणून कुठेही झाडायची मुभा मिळत नाही.

आता दुसरा उंबरठा. शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मिलिमीटर म्हणजे .177 नळीची आणि 20 ज्यूलच्या आतली हवेची बंदूक घ्यायला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेतो, बिल देतो, काम झालं. बिल जपून ठेवा; नाक्यावर गाडी अडवली तर तेच उपयोगी पडतं. .22 रिमफायरला मात्र पूर्ण लायसन. वय 21 पूर्ण, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांची चौकशी, आणि ‘कशासाठी हवी’ याला पटणारं उत्तर. डबे उडवायला, हे पटणारं उत्तर नव्हे. रायफल क्लबचं सदस्यत्व आणि स्पर्धेतली हजेरी हे आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणजे घरात आजोबांपासून चालत आलेली बारा बोअर तुमच्या नावावर असेल तर एक जागा आधीच गेली. लायसनची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली, एवढाच दिलासा.

आणि निवडणुका! गोव्यात पंचायत, जिल्हा पंचायत, विधानसभा, लोकसभा असं काही ना काही चालूच असतं. आचारसंहिता लागली की बहुतेकांना लायसनची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. जमा करण्याआधी नळीत तेलाचा हात मारून पावती घ्या, कारण निकाल लागेपर्यंत तिला फडकं लावणारं कुणी नसतं. .177 ला ही कटकट नाही.

इतकं सगळं करूनही .22 घ्यायचीच, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पर्याय तीन.

पहिला, ऑर्डनन्स फॅक्टरीची .22 स्पोर्टिंग रायफल. नवी मिळते, कागद स्वच्छ असतात. बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे सरकवायचा; साधी, मजबूत. पण चाप जड, आणि चाप जड असला की गोळी सुटायच्या क्षणी माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा) हलतेच. शिकायला ठीक, पुढे हात सुधारला की तीच आड येते.

दुसरा, जुनी ब्रनो मॉडेल 2. चेकोस्लोव्हाकियाची, पाच गोळ्यांची मॅगझिन, पोलादाचं काम असं की पन्नास-साठ वर्षांनीही बोल्ट लोण्यासारखा सरकतो. आयात बंद झाल्यामुळे बाजारात आहेत त्या सगळ्या वापरलेल्या, आणि मालकाला किंमत सांगताना संकोच वाटत नाही. मला स्वतःला या तिघींत हीच आवडते. पण घेताना बोल्ट काढून चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीचं, तोंड टॉर्चने बघा. कुणी वर्षानुवर्षं रिकामाच चाप ओढत बसलेला असेल, तर फायरिंग पिनने कडेला बारीक खाच पाडलेली दिसते. अशा बंदुकीत रिकामी टोपी अडकते, नखाने उकरून काढावी लागते, आणि कधी पिन बसूनही काडतूस पेटत नाही. नळीत काळे ठिपके आहेत का ते बघा. समुद्राजवळच्या घरातल्या बंदुकीत हमखास असतात. रिसीव्हरवरचा नंबर विकणाऱ्याच्या लायसनवरच्या नंबराशी ताडून पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. मॅगझिन मूळची आहे ना, हेही विचारा.

तिसरा पर्याय अन्शुट्झ किंवा वॉल्थरसारखी स्पर्धेची रायफल. ती आयात करण्याची सवलत राष्ट्रीय पातळीवर ठरावीक गुण मिळवलेल्या नेमबाजांना असते, नॅशनल रायफल असोसिएशनच्या मार्फत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनचं (पालथं झोपून नेम धरायचं) जागतिक विजेतेपद मिळवलं, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायचं) कांस्य. हे दोन्ही .22 चेच खेळ. 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. तिथवर जायचं मनात असेल तर .22 ला पर्याय नाही. पण त्या रस्त्याची सुरुवातही बहुतेकांची 10 मीटर एअर रायफलनेच होते, जिथे दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा.

आता .177. यातही तीन प्रकार, आणि आपल्या हवेत त्यांच्यातला फरक दुकानदार सांगतो त्याहून मोठा आहे.

स्प्रिंगची, नळी मोडून भरायची बंदूक सर्वांत स्वस्त. प्रेसिहोल, एसडीबी अशा देशी कंपन्यांच्या सहज मिळतात. बिघडली तरी स्प्रिंग नि वॉशर बदलून पुन्हा उभी राहते. पण नेम धरायला हीच सर्वांत अवघड, हे कुणी आधी सांगत नाही. आतला जड पिस्टन आधी मागे धक्का देतो, मग थांबताना पुढे, आणि तोवर छर्रा नळीतच असतो. घट्ट आवळून धरली की छर्रे चहूकडे जातात. डावा हात सैल, तळव्यावर नुसती टेकवलेली, दरवेळी त्याच जागी. असं धरलं की तीच बंदूक 20 मीटरवर सोड्याच्या बाटलीचं झाकण मारते. स्वस्त दुर्बीण हिच्यावर लावू नका, उलट्या धक्क्याने आतल्या काचा सुटतात. उघड्या माशीवरच शिका. आणि नळी मोडून भरताना दुसऱ्या हाताने ती सोडू नका. चाप चुकून सुटला तर नळी बोटांवर आदळते.

गॅस पिस्टनची बंदूक दिसायला तशीच, आत स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू. झटका जरा मऊ, स्प्रिंग गंजण्याचा प्रश्न नाही. बिघडली की मात्र गावातल्या कारागिराच्या हाती काही नसतं, अख्खा भाग मागवावा लागतो.

तिसरी पीसीपी, म्हणजे प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक. टाकीत साधारण 200 बारने हवा भरून ठेवायची. धक्का जवळजवळ शून्य, नवखाही पहिल्याच दिवशी कागदावर छर्ऱ्यांचा एक गुच्छ काढतो. मोह पडतोच. पण हातपंपाने हवा भरताना तुम्ही गोव्याची हवा भरता, आणि जून ते सप्टेंबर आपल्या हवेत हवा कमी नि पाणी जास्त अशी स्थिती. दाबलं की बाष्पाचं पाणी होतं, ते टाकीत उतरतं आणि व्हॉल्व्ह आतून गंजत जातो. पंपाला ओलावा शोषणारी नळी लावा आणि पावसाळ्यात तो बाजूलाच ठेवा. डायव्हिंगच्या सिलिंडरमध्ये कोरडी हवा त्याच दाबाची असते, त्यामुळे किनाऱ्यावर स्कूबावाल्यांशी ओळख असेल तर काम सोपं. नसेल तर पीसीपीचा खर्च बंदुकीच्या किमतीवर थांबत नाही.

म्हणून सल्ला विचाराल तर: घरच्या आवारात हौसेला, स्प्रिंग किंवा गॅसची .177. मुलामुलीला खेळात पुढे न्यायचं असेल तर बंदूक आत्ता घेऊच नका. क्लबात पाठवा, तिथली 10 मीटरची बंदूक वापरू द्या, वर्षभराने काय घ्यायचं ते प्रशिक्षक सांगेल. .22 फक्त त्याने, जो रेंजवर नियमित जाणार आहे आणि कागदपत्रांना कंटाळत नाही. गोळ्यांचा खर्चही मोजा: परदेशी मॅच गोळी महाग, लायसनवर खरेदीची मर्यादा, आणि मिळेल तेव्हा घ्यायची. छर्ऱ्याचा डबा कुरिअरने घरी येतो.

छर्रे घेताना डब्यात, सपाट डोक्याचे, कागदावर स्वच्छ भोक पाडणारे. मोकळे पिशवीतले नकोत, त्यांचे घेर दबलेले असतात. पोलादी गोल बीबी तर अजिबात नकोत: त्या नळी खरवडतात आणि कठीण जागी आदळून थेट तुमच्याकडे परततात. डब्यामागे विहिरीचा किंवा घराचा चिरा असता कामा नये. जुन्या कपड्यांनी ठासून भरलेली पत्र्याची पेटी ठेवा आणि तिच्यामागे माती. डोळ्यावर चष्मा, पोरं पाठीमागे. पाऊस सुरू झाला की बंदूक कापडी खोळीत ठेवून कपाटात टाकू नका. खोळ दमट होते नि महिन्याभरात नळीवर तांबूस पूड दिसते. तेलाचं फडकं फिरवून उघडीच, कुलपाच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत उभी ठेवा.